विहिरीतले जीवाणू माणसाचे की गुरांचे?

पत्र : मी आमच्या गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, जांभ्याच्या उतारावरचे. वाडीतल्या ६० घरांना एकाच सार्वजनिक विहिरीचे पाणी टाकीत चढवून नळाने मिळते. गेली ३ वर्षे जूनच्या मध्यावर विहिरीच्या पाण्याची एच-टू-एस बाटली काळी पडते आणि वाडीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघतात. गेल्या वर्षी दोघांना कावीळही झाली. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘ई-कोलाय आढळले, पाणी पिण्यास अयोग्य’ एवढेच लिहून येते. विहिरीच्या वरच्या अंगाला एका घराचा ७ गुरांचा गोठा आणि शेणखताचा खड्डा आहे. त्याच्या बाजूला एका चाकरमान्याने ४ वर्षांपूर्वी नवे घर बांधले. त्याचा शोषखड्डा विहिरीपासून २२ पावलांवर आहे. गोठेवाले शोषखड्ड्याकडे बोट दाखवतात, घरवाले शेणाच्या खड्ड्याकडे. ग्रामसभेत भांडण झाले आणि आता दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे. हे जीवाणू माणसाचे की गुरांचे हे तपासून सांगता येते का? तसा लेखी अहवाल मिळाला तर हा वाद मिटवता येईल.

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते. तुमच्याकडे जे अहवाल आले आहेत, त्यांतून हे जीवाणू कोणाचे हे कळत नाही आणि तीच तपासणी आणखी दहा वेळा केली तरी कळणार नाही. ते बऱ्याच अंशी सांगू शकणारी एक वेगळी तपासणी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिते. परंतु मला आग्रहाने सांगायचे आहे ते असे की, घाण कोणाची हे ठरवण्याआधी ती कोणत्या वाटेने विहिरीत येते ते शोधा. वाट सापडली तर ती बुजवता येते. नुसता दोषी सापडला आणि वाट तशीच राहिली, तर उद्या तिसऱ्याच कोणाची घाण त्याच वाटेने खाली उतरेल. ही वाट शोधण्याचे बहुतेक काम तुम्हाला गावात राहून, थोड्या खर्चात करता येण्यासारखे आहे.

प्रथम ती काळी बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि जिथे वीज नाही, उबवणपेटी नाही, अशा गावांना पाणी तपासण्याचे पहिले साधन मिळाले. बाटलीतल्या कागदी पट्टीवर जीवाणूंचे खाद्य, गंधकाचे एक संयुग आणि लोहाचा क्षार वाळवलेला असतो. विष्ठेतून आलेले काही जीवाणू त्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड (एच-टू-एस) हा कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार करतात, तो लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळे पडते. मात्र तुमच्या अहवालात ज्याचे नाव येते तो ई-कोलाय सहसा हा वायू तयार करतच नाही, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. बाटली काळी करतात ते आतड्यातले त्याचे शेजारी, म्हणजे सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम यांसारखे जीवाणू. आणि विहिरीच्या तळाच्या कुजट गाळात राहणारे, विष्ठेशी काहीही संबंध नसलेले काही जीवाणूसुद्धा ती काळी करू शकतात. म्हणून बाटली काळी पडली की हे पाणी तसेच पिऊ नये आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, एवढाच तिचा अर्थ घ्यायचा. त्यापलीकडे तिच्याकडून एकच जास्तीची माहिती काढता येते. पाणी भरल्याची वेळ बाटलीवर लिहा आणि ती किती तासांनी काळी पडली ते नोंदवा. १८ तासांत काळी पडणारी बाटली आणि ४० तासांनी काळी पडणारी बाटली यांतले पाणी सारखे नसते. लवकर काळी पडणाऱ्या पाण्यात घाण बहुधा जास्त असते.

प्रयोगशाळेत जे होते ते याहून नेमके असते. तुमचे पाणी ठरावीक मापाने अनेक परीक्षानळ्यांत वाटले जाते. त्या नळ्यांत मॅकाँकी नावाचे जांभळ्या रंगाचे खाद्य असते आणि प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढी एक लहान नळी उलटी टाकलेली असते. नळ्या ३७ अंश सेल्सियसला ठेवल्या की कोलिफॉर्म जीवाणू त्यातली साखर आंबवतात, जांभळा रंग पिवळा होतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला हे मोजून, तक्त्यावरून १०० मिलिलिटर पाण्यातल्या जीवाणूंचा संभाव्य आकडा काढतात. अहवालातला ‘एमपीएन’ तो हाच. पण कोलिफॉर्म मातीतही असतात, कुजक्या पाल्यातही असतात, म्हणून त्यांतला विष्ठेतला कोण हे ओळखण्यासाठी ४४ अंशांच्या आसपास, जिथे मातीतल्या बहुतेक जीवाणूंचा टिकाव लागत नाही, तिथे पुन्हा वाढवून पाहतात. या सगळ्यातून जो उरतो तो ई-कोलाय. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात तो आढळता कामा नये.

तुमची अडचण सुरू होते ती इथून पुढे. ई-कोलाय माणसाच्या आतड्यात राहतो, तसाच गाईम्हशींच्या, कुत्र्यामांजरांच्या, कोंबड्यांच्या आणि माकडांच्या आतड्यातही राहतो, आणि नळीत वाढलेल्या ई-कोलायकडे पाहून तो कुठून निघाला हे सांगता येत नाही. पूर्वी यावर एक तोडगा होता. विष्ठेतले कोलिफॉर्म आणि विष्ठेतले स्ट्रेप्टोकोकाय यांचे गुणोत्तर ४ पेक्षा जास्त आले तर घाण माणसाची आणि ०.७ पेक्षा कमी आले तर जनावरांची, असा १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेला ठोकताळा कित्येक वर्षे वापरात होता. पुढे लक्षात आले की हे दोन्ही जीवाणू पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे काल माणसाचे दिसणारे पाणी परवा जनावराचे दिसू लागते. तो ठोकताळा शास्त्रज्ञांनी सोडून दिला आहे. कोणी आजही त्यावरून निवाडा द्यायला निघाले, तर तो मानू नका.

खरोखर उपयोगी पडणारी पद्धत २००० साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बर्नहार्ड आणि फील्ड या दोन संशोधकांनी पुढे आणली. आतड्यात ई-कोलायपेक्षा कितीतरी अधिक संख्येने राहणारे बॅक्टेरॉइड्स नावाचे जीवाणू हवेत तग धरत नाहीत, म्हणून पाण्यात त्यांचा ठसा मिळाला तर घाण ताजी आहे असे समजता येते. माणसाच्या आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्सचे काही डीएनए तुकडे वेगळे असतात आणि कोविडच्या काळात घराघरांत माहीत झालेल्या पीसीआरनेच ते ओळखता येतात. जीवाणू वाढवावा लागत नाही. पाणी गाळून, गाळणीवर राहिलेल्या डीएनएमध्ये तो तुकडा शोधायचा. वाचायला हे सोपे वाटते, परंतु एक खाच आहे. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यातल्या गावांत ही पद्धत वापरण्याआधी संशोधकांनी तिथल्या माणसांच्या आणि जनावरांच्या विष्ठेवर ती पडताळून पाहिली, तेव्हा परदेशात माणसापुरती मानली गेलेली खूण इथल्या जनावरांतही उमटते असे आढळले आणि अनेक खुणांतून त्यातल्या त्यात भरवशाची निवडावी लागली. आपल्याकडे गुरे, कोंबड्या, कुत्री आणि माणसे एकाच अंगणात वावरतात, त्यामुळे हे होणारच. तेव्हा एखाद्या संशोधन संस्थेने किंवा विद्यापीठाने तुमच्या गावात असे काम हाती घेतले तर त्यांना जरूर मदत करा, पण त्यांनी आधी तुमच्याच वाडीतले शेण आणि तुमच्याच सेप्टिक टाकीचे पाणी तपासून पद्धत पडताळली का, हे विचारा. एका नमुन्याच्या एका कागदावर ग्रामसभेत निकाल लावू नका. त्यातही बहुधा उत्तर येईल ते ‘दोन्ही’ असे येईल.

तुमच्या पत्रात याहून मोठा दुवा दडलेला आहे आणि तो तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. ज्या दोघांना कावीळ झाली, ती कोणती कावीळ होती? पाण्यातून पसरणारी हेपॅटायटिस ए आणि आपल्याकडे साथीने येणारी हेपॅटायटिस ई माणसाच्याच विष्ठेतून येते. ती ठरली, तर वाडीच्या पाण्यात कुठेतरी माणसाची घाण मिसळते हे त्या रक्ततपासणीनेच सांगितले, त्यासाठी विहिरीच्या डीएनएची गरज नाही. शिवाय या काविळींचा विषाणू शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत साधारण २ ते ८ आठवडे जातात. जूनच्या अखेरीस दिसलेली कावीळ म्हणजे मे महिन्यात प्यालेले पाणी असू शकते; आणि मे महिन्यात तुमच्या वाडीत काय असते हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. चाकरमानी सुटीला आलेले असतात, प्रत्येक घरात माणसे दुपटीने असतात, शौचालयांवर ताण असतो आणि विहिरीत पाणी तळाला गेलेले असते. उलट ती कावीळ लेप्टोस्पायरोसिसमुळे आली असेल, तर तो रोग उंदराच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात उतरतो, शेतात उघड्या पायांनी वावरताना जखमेवाटे शिरतो आणि त्याचा विहिरीशी संबंध असेलच असे नाही. सिंधुदुर्गात हा रोग नवा नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटून त्या दोघांचे निदान नेमके काय होते आणि त्यांचा ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, एवढे विचारा. समितीला नावे नकोत, तारखा आणि निदान पुरे. जुलाबाच्या रुग्णांचीही तशीच यादी करा : घर कोणते, तारीख कोणती, नळाचे पाणी पितात की स्वतःच्या विहिरीचे.

गोठा मात्र यातून सुटला असे समजू नये. गुरांच्या शेणातून कॅम्पिलोबॅक्टर आणि काही घातक जातीचे ई-कोलाय येऊ शकतात, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी येतो आणि तो तर क्लोरीनलाही दाद देत नाही. शेण पवित्र आहे, त्याने काही होत नाही, असे तुम्हाला ग्रामसभेत ऐकावे लागेल. ज्या हातांनी आपण अंगण सारवले त्यांची श्रद्धा दुखवू नका, पण पिण्याच्या पाण्यात शेण मिसळलेले कोणालाच चालत नाही, हेही तीच माणसे मान्य करतील.

आता जमिनीकडे या. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर अंतर असावे असा पुस्तकी नियम आहे आणि २२ पावले म्हणजे जेमतेम तेवढे भरेल. पण तो नियम माती पाणी गाळून घेते या विश्वासावर उभा आहे. तुमचा जांभा चिऱ्याच्या खाणीत तासलेला असतो तेव्हा जवळून पाहा : त्याला आरपार वळणावळणाच्या नळ्या असतात, काहींत करंगळी जाते. असे सच्छिद्र दगड एप्रिलमध्ये कोरडे ठणठणीत असतात आणि पावसाचे पाणी भरले की त्यांतून पाणी झिरपत नाही, वाहते. बारीक वाळूतून पुढे सरकायला ज्या पाण्याला दिवसचे दिवस लागतात, तेच इथे तासांत पोहोचू शकते आणि वाटेत जीवाणू अडवायला काही नसते. त्यातच जूनमध्ये विहिरीची पातळी झपाट्याने वर येते. शोषखड्ड्याचा तळ आणि भूजल यांत उन्हाळ्यात असलेले कोरडे अंतर संपले, खड्डा पाण्यात बुडाला, की त्याचे तोंड सरळ विहिरीकडेच उघडले असे समजा. शेणखताच्या खड्ड्यालाही हेच लागू आहे, फक्त तिथे घाण पावसाबरोबर वरूनही वाहत येते. तुमची बाटली नेमकी जूनच्या मध्यावर का काळी पडते, याचे बहुतांश उत्तर यात आहे.

ही वाट शोधण्याची रीत जुनी आहे. १९४० च्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात पॅराटायफॉइडचे रुग्ण अधूनमधून निघत होते आणि उगम कळत नव्हता. ब्रेंडन मूर या जीवाणुशास्त्रज्ञाने जखमेला बांधतात तसल्या जाळीदार कापडाच्या घड्या दोरीला बांधून गटारात सोडल्या, काही दिवसांनी काढून त्यातले जीवाणू वाढवून पाहिले आणि जिथे रोगजंतू मिळाले तिथून वरच्या अंगाच्या फाट्यांत तेच पुन्हा केले. असे एकेक फाटा वगळत वर सरकता येते आणि स्वतः ठणठणीत असलेल्या, आपण रोगजंतू बाळगतो याची कल्पनाही नसलेल्या माणसापर्यंत पोहोचता येते. बाटलीत भरलेले पाणी त्या एका क्षणाचे असते; दोन दिवस पाण्यात राहिलेले कापड दोन दिवसांची साक्ष देते. तुम्हालाही असेच, विहिरीपासून उलट वर जायचे आहे.

मे महिन्याच्या अखेरीस, विहीर तळाला गेलेली असताना, जलसुरक्षकाला, म्हणजे गावचे पाणी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन पंप लावून पाणी आणखी खाली काढा आणि आत उतरणारा अनुभवी माणूस असेल तर दोर बांधून, दिवसाउजेडी, उपसा चालू असतानाच खाली काय दिसते ते पाहून घ्या. पाणी कोणत्या बाजूच्या फटीतून येते, किती झरे आहेत, कोणता झरा वरच्या अंगाचा आहे, भिंतीला कुठे ओघळाचे काळे-हिरवे पट्टे आहेत, याचा कागदावर साधा नकाशा काढा. जमले तर प्रत्येक झऱ्याचा नमुना वेगळा घ्या. मग पहिला मोठा पाऊस पडल्यावर ओळीने ३ दिवस, जुलैच्या मध्यावर, ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत नमुने घ्या. प्रत्येक वेळी ४ ठिकाणचे पाणी हवे : सार्वजनिक विहीर, वरच्या अंगाची एखादी खासगी विहीर, टाकी आणि टाकीपासून सर्वांत लांबच्या घरातला नळ. विहीर चांगली आणि नळ वाईट निघाला तर तुमचे भांडणच चुकीच्या जागी चालले आहे; फुटकी नळवाहिनी व्हाळातून किंवा गटारातून गेली असेल आणि पाणी बंद असताना बाहेरची घाण आत ओढत असेल.

नमुना घेण्याचे काम हलक्यात घेऊ नका, कारण इथली चूक पुढची कोणतीही प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड किंवा थेंबभर द्राव असतो. तो सोडियम थायोसल्फेट असतो, पाण्यातला क्लोरीन तिथेच थांबवण्यासाठी घातलेला. तो घाण समजून बाटली विसळून घेणारी माणसे मी असंख्य पाहिली आहेत. बाटली विसळली की वाटेत क्लोरीन उरलेसुरले जीवाणू मारत राहतो आणि अहवाल चांगला येतो. नळाचे तोंड स्पिरिटने पुसा, २-३ मिनिटे पाणी वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर दोन बोटे जागा रिकामी ठेवा. बाटली बर्फाच्या डब्यात घालून पहाटेच्या एसटीने पाठवा, म्हणजे ६ ते ८ तासांत ती प्रयोगशाळेत पोहोचेल. २४ तासांपलीकडे गेलेला नमुना टाकून द्यावा. शनिवारी नमुना घेऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेला आधी फोन करून दिवस ठरवून घ्या.

हे मी एवढ्या कळकळीने लिहिते याला कारण आहे. मी नोकरीत नवी असताना एका गावच्या विहिरीचा एप्रिलमधला नमुना तपासून ‘पिण्यास योग्य’ असा शेरा लिहिला होता. नमुना चांगलाच होता, माझी तपासणीही बरोबर होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या गावात जुलाबाची साथ आली आणि सरपंच माझाच कागद हातात घेऊन आले. त्या विहिरीच्या जूनमधल्या पाण्याविषयी एप्रिलच्या बाटलीला काहीच ठाऊक नव्हते, पण कागदावर तसे कुठे लिहिलेले नव्हते. त्यानंतर प्रत्येक अहवालावर नमुन्याची तारीख आणि आदल्या ३ दिवसांत पाऊस झाला होता की नाही, हे मी हाताने लिहीत आले. तुम्हीही लिहा.

वाट पडताळण्याच्या आणखी दोन युक्त्या सांगते. पहिली मिठाची. जांभ्यातले पाणी बहुधा हलके, कमी क्षारांचे असते, त्यामुळे त्यात थोडे मीठ उतरले तरी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवर कळते. जूनच्या अखेरीस, जमीन पाण्याने भरलेली असताना, ३ दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ विहिरीचा टीडीएस मोजून नेहमीचा आकडा ठरवा. मग घरवाल्यांच्या संमतीने १० किलो मीठ पाण्यात विरघळवून शोषखड्ड्यात सोडा. सेप्टिक टाकीत सोडू नका, तिथले उपयोगी जीवाणू मरतील. पुढचे २ दिवस दर दोन तासांनी आणि त्यानंतर आठवडाभर दिवसातून तीनदा विहीर मोजा. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ७ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ४९,५०० लिटर भरते. १० किलोंपैकी दहावा हिस्सा जरी पोहोचला, तरी लिटरला २० मिलिग्रॅमची वाढ दिसेल. त्याच वेळी वरच्या अंगाची, या खड्ड्यांपासून दूरची एखादी विहीरही मोजा, म्हणजे पावसामुळे झालेला बदल वेगळा काढता येईल. आकडा पुन्हा मूळ जागी आला की हाच प्रयोग शेणखताच्या खड्ड्यात करा आणि गुरे मीठ चाटणार नाहीत याची काळजी घ्या. मीठ पोहोचले तर वाट आहे हे नक्की. पोहोचले नाही तर वाट नाही असे मात्र म्हणता येत नाही. ते कदाचित दुसऱ्या दिशेने गेले असेल. शंका राहिलीच तर रंगद्रव्याचा प्रयोग भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडूनच करून घ्या.

दुसरी युक्ती मूरच्या कापडाचीच धाकटी बहीण आहे. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत कपडा पांढरा दिसावा म्हणून एक चकाकणारे द्रव्य घातलेले असते आणि ते सुती कापडाला चिकटून राहते. कधीच साबण न लागलेल्या कच्च्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या, एक विहिरीत आणि एक वरच्या विहिरीत ५ दिवस दोरीने सोडा, सावलीत वाळवा आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. सार्वजनिक विहिरीतला तुकडा निळसर चमकला आणि दुसरा काळाच राहिला, तर कोणाचे तरी सांडपाणी विहिरीत उतरते. गाय निरमा वापरत नाही. पण उलट अर्थ काढू नका. कोकणातल्या पुष्कळ घरांचे न्हाणीचे आणि धुण्याचे पाणी माडा-पोफळींना जाते आणि शोषखड्ड्यात फक्त शौचालयाचे उतरते. अशा घराचे कापड चमकणार नाही, तरी खड्डा निर्दोष ठरत नाही.

हे सगळे होईपर्यंत वाडीने काय प्यावे? इथे वाट पाहू नका. तुमचा जलसुरक्षक बारा महिने तेवढीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो का, ते विचारा. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम असे साधारण माप आहे. मिठाच्या हिशेबातल्या त्याच ३ मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात दीड मीटर पाणी असेल तर २७ ग्रॅम पुरते, जुलैत ७ मीटर असेल तर सुमारे १२५ ग्रॅम लागते. आणि गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकते म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त लागू शकते. पावडर थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करावी, बादली पाऊण भरून ढवळावी, दहा मिनिटे निवळू द्यावी आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत खोलवर हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. हे काम रात्री, शेवटचा उपसा झाल्यावर करावे. तासाभराने ओटी तपासणीत, म्हणजे ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन मोजतात तीत, लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन आणि शेवटच्या घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळाला, तर मात्रा बरोबर. पावडरीच्या पोत्याचे तोंड उघडे राहिले असेल किंवा ते ओलीत पडले असेल तर तिचा क्लोरीन उडून गेलेला असतो; २० टक्क्यांखाली गेलेली पावडर कामाची नाही, तिचाही नमुना तपासून घेता येतो. जून आणि जुलैत लहान मुले, गरोदर बायका आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी पाणी खळखळून उकळूनच द्यावे, कारण क्रिप्टोस्पोरिडियमवर उकळणे हाच सर्वांत खात्रीचा घरगुती उपाय आहे.

आणि त्या दोन घरांविषयी. मिठाचा निकाल काहीही लागो, शेणखताचा खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला न्यावा लागेल, शोषखड्ड्यालाही दुसरी जागा शोधावी लागेल आणि विहिरीला आतून वरचे ६ मीटर पक्के बांधकाम, बाहेरून उतरता ओटा आणि पाणी दूर नेणारा पाट करावा लागेल. दोन्ही कुटुंबांना हे आधीच, एकाच बैठकीत, एकाच दमात सांगा, आणि दोन्ही खड्डे हलवण्याचा खर्च समितीने ग्रामपंचायतीकडे एकत्र मागावा. पहिल्या पावसाचा नमुना घेताना दोन्ही घरांतले एकेक माणूस विहिरीवर हजर ठेवा; एकाने बाटली धरावी, दुसऱ्याने वेळ लिहावी आणि बाटलीच्या चिठ्ठीवर दोघांनी सही करावी. पहिल्या तीन दिवसांचे अहवाल आल्यावर मला पुन्हा लिहा, आणि त्यासोबत शोषखड्ड्याची खोली व जूनअखेरीस कठड्यापासून पाणी किती खाली असते, ही दोन मापे दोरीने मोजून कळवा.